‘बाबा’ उमटतं, ‘आई’ उमटत नाही: मुलांच्या कीबोर्डचं नेहमीचं दुखणं कसं शोधायचं

‘मॅडम, सईचा कीबोर्ड परत बिघडला.’

सईचे बाबा फोनवर होते. सहा महिन्यांतला हा तिसरा कीबोर्ड. आधीचे दोन दुकानात नेले, तर दोन्ही वेळा ‘नवाच घ्या’ एवढं उत्तर मिळालं होतं. मी म्हटलं, ‘तिला काय लिहायचं होतं आणि काय उमटलं, तेवढंच सांगा.’

‘बाबा बरोबर येतंय. आई येत नाही. नुसता काना न् वेलांटी येते, सोबत टिपक्याटिपक्यांचा गोल.’

तिसरा कीबोर्ड धडधाकट होता. आधीचे दोनही असणार.

मी विशेष मुलांच्या शाळेत संगणक शिकवते, अकरा वर्षं झाली. (सई हे खरं नाव नाही.) माझ्या वर्गात सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, डाउन सिंड्रोम असलेली मुलं आहेत. ‘कीबोर्ड बिघडलाय’ म्हणून जे जे माझ्यासमोर आलं, त्यातलं खरोखर बिघडलेलं फार थोडं होतं. बहुतेक वेळा सेटिंग बदललेलं असतं. एक तर मुलाच्या सोयीसाठी लावलेलं कुणीतरी बंद केलेलं असतं, नाही तर मुलाच्याच हातून नको ते चालू झालेलं असतं. दोन्हीकडे तक्रार एकच येते आणि पैसे नव्या कीबोर्डवर जातात. पैशांपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त लागते. चार दिवस आपलं बोट चालत नाही असं वाटलं की मूल संगणकाजवळ यायचं बंद होतं, आणि मग त्याला परत बसवायला महिना जातो.

खालचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे, कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्ट धरून.

इनस्क्रिप्टबद्दल आधी थोडं, कारण निम्मं कोडं तिथंच सुटतं. भारतीय लिप्यांसाठीची ही बटणांची रचना १९९१च्या भारतीय मानकातली आहे. स्वरांची बटणं डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. काना, वेलांटी, मात्रा नुसतं बटण दाबून येतात, पण अ, आ, इ, ई हे पूर्ण स्वर शिफ्ट धरल्याशिवाय येत नाहीत. क साधा, ख शिफ्टवर. ग साधा, घ शिफ्टवर. ब साधा, भ शिफ्टवर. आता ‘बाबा’ घ्या: ब, काना, ब, काना. एकदाही शिफ्ट नाही. ‘दादा’, ‘मामा’, ‘काका’ यांचंही तसंच. आणि ‘आई’? आ शिफ्टवर, ई शिफ्टवर. म्हणजे ज्या मुलाचा एकच हात चालतो, त्याला बाबा, दादा, मामा, काका सगळे लिहिता येतात आणि आई लिहिता येत नाही. सईला तर स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. तिच्या ‘सई’ची ‘सी’ व्हायची.

यावर उपाय आहे तो ‘स्टिकी कीज’चा. शिफ्ट दाबून बोट उचलायचं, मग पुढचं बटण दाबायचं. शिफ्ट तोपर्यंत चिकटून राहते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरमध्ये ग्रेग व्हॅन्डरहायडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सोयींवर काम केलं, आणि विंडोज ९५ पासून त्या प्रत्येक विंडोजमध्ये आहेत. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. काही जण म्हणतात, फोनेटिक लावा (इंग्रजी अक्षरांनी उच्चाराप्रमाणे मराठी लिहायचं), शिफ्टची भानगड कमी होते. ज्या मुलाला इंग्रजी अक्षरं पक्की येतात त्याला जरूर लावा. पण जे मूल अजून ‘क’ आणि ‘ख’ वेगळे ओळखायला शिकतंय, त्याला ‘आई’साठी आधी ए, ए, आय शिकायला लावणं मला पटत नाही. त्याच्यासाठी देवनागरी स्टिकर लावलेला इनस्क्रिप्ट आणि स्टिकी कीज, हेच मी लावते.

काय दिसतंय ते आधी लिहून घ्या

‘चालत नाही’ या शब्दांवरून काहीच कळत नाही. मुलाला रोजचेच दोन-तीन शब्द लिहू द्या आणि उमटेल ते जसंच्या तसं कागदावर उतरवा. मी नेहमी ‘आई’, ‘काका’ आणि ‘ससा’ हे तीन घेते.

- ‘आई’ऐवजी काना आणि वेलांटी टिपक्यांच्या गोलासह येते: स्टिकी कीज बंद पडलंय.
- ‘काका’चं ‘खआखआ’ होतं: शिफ्ट अडकून बसलीय. बहुधा शिफ्ट लागोपाठ दोनदा दाबली गेली आणि कुलूप लागलं.
- बटण दाबल्यावर टक्‌ आवाज येतो पण अक्षर येत नाही, किंवा बराच वेळ दाबून धरलं तरच येतं: फिल्टर कीज (चुकून दाबली गेलेली बटणं सोडून देणारी सोय) चालू झालंय.
- ‘ककककककक’ ओळभर: बोट उचलायला उशीर होतोय आणि पुनरावृत्ती आवरणारं सेटिंग नाही.
- ‘ककाका’, ‘आईई’ अशी अक्षरं अधूनमधून दुप्पट: हात थरथरतोय, बटणावर बोट दोनदा आपटतंय.
- ‘ससा’चा ‘सा’ होतो: थरथरीसाठी लावलेलं सेटिंग गरजेपेक्षा कडक आहे.
- इंग्रजी अक्षरं येतात: भाषा बदललीय.
- उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांनी आकडे न येता बाण सरकतो: माउस कीज चालू झालंय. डावी ऑल्ट, डावी शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबून बंद होतं.
- एकच ठरावीक बटण कधीच चालत नाही, बाकी सगळी चालतात: हा मात्र खरा बिघाड असू शकतो.

दोन लक्षणं एकत्रही दिसतात. सईचं तसंच होतं, आणि त्याचं कारण तिच्या हातातच सापडलं.

पहिलं: दोन मिनिटं फक्त हाताकडे बघा

याला पैसे लागत नाहीत आणि कुठलं बटणही दाबावं लागत नाही, म्हणून हे पहिलं. मुलाच्या मागे उभं राहू नका, बाजूला बसा. पडद्याकडे बघू नका. लिहिणाऱ्या बोटाकडेही नको, त्या वेळी दुसरा हात कुठे आहे ते बघा.

सई डाव्या हाताच्या तर्जनीने लिहिते. उजव्या हाताचे स्नायू ताठर आहेत, तो हात कोपरात दुमडून टेबलावर टेकलेला असतो. त्या दिवशी मी बाजूला बसून बघितलं. ती एखादं अक्षर शोधत डावीकडे वाकली की उजवं मनगट घसरत यायचं आणि तळहाताची कड बरोबर उजव्या शिफ्टवर बसायची. तिला ते जाणवत नव्हतं.

यातून एकामागोमाग दोन गोष्टी घडत होत्या. स्टिकी कीजमध्ये एक पर्याय असतो: दोन बटणं एकाच वेळी दाबली गेली तर स्टिकी कीज बंद करा. तो आधीपासूनच चालू असतो. शिफ्ट आणि अक्षर एकत्र दाबू शकणाऱ्या माणसाला ही सोय नको असणार, असा त्यामागचा विचार. सईचा तळहात शिफ्टवर आणि बोट अक्षरावर, की स्टिकी कीज बंद. दुसरी गोष्ट, उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबलेली राहिली की विंडोज विचारतं, फिल्टर कीज चालू करू का? चौकट उघडते, आवाज येतो, मूल दचकतं. त्याच्या हातून स्पेस किंवा एंटर दाबली गेली की तो होकार धरला जातो. मग पटकन दाबून सोडलेलं कुठलंच बटण उमटत नाही. म्हणजे हवं ते बंद आणि नको ते चालू, दोन्ही एकाच मनगटामुळे.

हात का घसरतो तेही बघा. पाय लोंबकळत असले तर मूल एका कुशीवर कलतं आणि सगळा भार टेबलावरच्या हातावर येतो. सईच्या पायांखाली आम्ही घरातला जुना लाकडी पाट ठेवला. टेबल कोपराच्या उंचीला आणलं. उजव्या हाताखाली नॅपकिनची गुंडाळी ठेवली, म्हणजे मनगट कीबोर्डच्या बाहेर राहील. हे केलं नसतं तर सेटिंग कितीही वेळा नीट केलं तरी संध्याकाळपर्यंत पुन्हा बिघडलं असतं.

दुसरं: वायर, सेल, खरकटं

यात फार वेळ घालवू नका. वायर काढून दुसऱ्या यूएसबीत लावा. बिनवायरीचा असेल तर सेल बदला. सेल उतरायला लागले की अक्षरं गळतात आणि दोष मुलाच्या बोटाला दिला जातो. याच कारणासाठी मी वर्गात वायरवालाच कीबोर्ड ठेवते. कीबोर्ड काढून, उलटा करून हलक्या हाताने थोपटा. बिस्किटाचा चुरा निघतोच. बऱ्याच मुलांची लाळ गळते, ती बटणांच्या फटीत जाऊन वाळते आणि बटण चिकटतं. ओलसर, पिळून घेतलेल्या फडक्याने पुसा. लाळेसाठी मुलाला रागवू नका. वर पातळ सिलिकॉनचं कव्हर घाला, पण त्याने बटण जड होत नाही ना, ते स्वतःच्या करंगळीने दाबून बघा.

शेवटी तोच कीबोर्ड दुसऱ्या संगणकाला लावा. तिथे तुमच्या हाताने नीट चालला तर कीबोर्डचा विषय संपला. नवा घ्यायला कुणी कितीही सांगितलं तरी घेऊ नका.

तिसरं: संगणक कुणाच्या नावाने उघडलाय?

या सोयी प्रत्येक खात्याच्या वेगळ्या असतात. ताईच्या खात्यात स्टिकी कीज लावलं म्हणून दादाच्या खात्यात ते लागत नाही. घरी एकच संगणक असला की मोठं भावंड प्रोजेक्टसाठी स्वतःचं खातं उघडतं आणि मूल नंतर तिथेच बसतं. मुलाचं वेगळं खातं करा, त्यावर त्याचा फोटो लावा. वाचता न येणारं मूलही स्वतःच्या फोटोवर बोट ठेवतं. खातं उघडण्याआधीच्या पडद्यावर उजवीकडे खाली सुलभतेचं चिन्ह असतं. पासवर्ड टाकतानाच अडचण येत असेल तर ती सोय तिथून चालू करा.

चौथं: भाषा

विंडोजचं बटण धरून स्पेस दाबा. यादीत मराठी निवडलेली दिसायला हवी. डावी ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबली गेली तरी भाषा बदलू शकते, आणि तळहात टेकवून लिहिणाऱ्या मुलाकडून ते सहज होतं. संगणकावर मराठी आणि इंग्रजी या दोनच भाषा ठेवा. आमच्याकडच्या एका संगणकात पाच रचना भरून ठेवलेल्या होत्या, त्यांतल्या तीन कुणालाच नको होत्या. त्या काढल्यावर ही तक्रार जवळजवळ थांबली.

पाचवं: स्टिकी कीज आणि फिल्टर कीज

विंडोजचं बटण धरून ‘यू’ दाबा. सुलभतेची सगळी सेटिंग्ज उघडतात. त्यात खाली ‘कीबोर्ड’वर जा. विंडोज १० मध्ये या भागाला ‘ईझ ऑफ अ‍ॅक्सेस’ म्हणतात, ११ मध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’. आतला मजकूर बहुतेक सारखाच आहे.

स्टिकी कीज मुलाला हवं असेल तर चालू करा आणि त्यातले चार पर्याय एकेक करून बघा, कारण खरी चूक इथेच राहते.

दोन बटणं एकत्र दाबल्यावर बंद होण्याचा पर्याय काढून टाका. सईसारख्या मुलासाठी सगळ्यात महत्त्वाचा हाच. नुसतं स्टिकी कीज चालू करून तुम्ही उठलात, तर दहा मिनिटांत ते परत बंद पडेल.

दोनदा दाबल्यावर कुलूप लागण्याचा पर्यायही सुरुवातीला काढा. हात थरथरत असेल तर शिफ्ट एकदा दाबतानाच दोनदा दाबली जाते आणि ‘काका’चं ‘खआखआ’ होतं.

शिफ्ट पाच वेळा दाबल्यावर स्टिकी कीज चालू-बंद होतं, तो शॉर्टकटही बंद करा.

चौथा पर्याय आवाजाचा. शिफ्ट दाबली की टुंग होतं. काही मुलांना त्या आवाजाने आधार वाटतो, शिफ्ट लागली हे कळतं. आवाज न सोसणाऱ्या ऑटिस्टिक मुलाला तोच आवाज नकोसा होतो, कान झाकून ते उठून जातं. मुलाला विचारून ठरवा. माझा अनुभव असा की ‘ते टुंग टुंग बंद करा हो’ म्हणून शेजारच्या वर्गातून कुणीतरी येतं आणि आवाजाऐवजी अख्खं स्टिकी कीजच बंद करून जातं.

आता फिल्टर कीज. अपघाताने चालू झालेलं असेल तर टास्कबारवर घड्याळासारखं चिन्ह दिसतं. बंद करा, आणि उजव्या शिफ्टचा आठ सेकंदांचा शॉर्टकटही लगेच बंद करा. नुसतं फिल्टर कीज बंद करून उठलात तर उद्या परत हाच फोन येईल.

पण सरसकट बंद करू नका. मुलाला त्यातलं काहीतरी लागत असतं, म्हणून कुणीतरी विचार करून लावलेलंही असू शकतं. आधी विचारा. फिल्टर कीज या एका नावाखाली तीन वेगळ्या सोयी आहेत आणि त्यांची सरमिसळ करणं ही मी पाहिलेली सगळ्यात मोठी चूक. पहिली ‘स्लो कीज’: ठरावीक वेळ दाबून धरलं तरच बटण मान्य होतं. बोट हव्या त्या बटणावर पोचेपर्यंत वाटेतल्या तीन बटणांना घासून जाणाऱ्या मुलासाठी ही आहे. दुसरी ‘रिपीट कीज’: दाबून धरलेलं अक्षर पुन्हा पुन्हा उमटणं थांबवते किंवा हळू करते. बोट उचलायला वेळ लागणाऱ्या मुलासाठी. तिसरी ‘बाउन्स कीज’: तेच बटण घाईने दुसऱ्यांदा दाबलं गेलं तर सोडून देते. थरथरणाऱ्या हातासाठी.

मूल कुठल्या प्रकारचं आहे हे हाताकडे बघून कळतं, म्हणून ती पहिली दोन मिनिटं. विंडोजमध्ये स्लो आणि बाउन्स एकाच वेळी चालत नाहीत, दोन्हींतलं एक निवडावं लागतं. घासलेली बटणं जास्त त्रास देतायत की दुप्पट अक्षरं, ते कागदावर उतरवलेल्या शब्दांत मोजा आणि जे जास्त आहे त्यासाठी सोय लावा.

वेळ ठरवताना कमीत कमीपासून सुरुवात करा. बाउन्सची वेळ फार वाढवली तर ‘ससा’मधला दुसरा स गिळला जातो, कारण तिथे स खरंच लागोपाठ दोनदा लिहायचा असतो. मी ‘ससा’ लिहून घेते तो यासाठीच. स्लो कीजमध्ये एक सेकंद हा काळ ऐकायला लहान वाटतो. स्वतः एक ओळ लिहून बघा. ताठर बोटाने एकेक बटण एवढा वेळ दाबून धरायचं म्हणजे पाचव्या शब्दाला खांदा भरून येतो. एक दिवस एक वेळ, दुसऱ्या दिवशी गरज पडली तर थोडी वाढ. एका बसण्यात चार बदल केले की कशाने फरक पडला ते कुणालाच सांगता येत नाही.

आणि मुलाला सांगून बदला. त्याच्या हाताखालचा कीबोर्ड कालच्यापेक्षा वेगळा वागणार आहे, हे त्याला आधी कळायला हवं. ‘सई, आता शिफ्ट दाबून सोडून द्यायची हं, धरून नाही ठेवायची.’ एवढं बोलून, तिचं बोट तिथे नेऊन, एकदा करून दाखवायचं.

सहावं: नीट केलेलं दुसऱ्या दिवशी परत बिघडतं

घरी असं झालं तर आधी वरचे शॉर्टकट बंद केलेत का ते बघा, मग खातं बघा. शाळेच्या प्रयोगशाळेत मात्र आणखी एक कारण असतं. बऱ्याच ठिकाणी संगणकात असं सॉफ्टवेअर टाकलेलं असतं की रीस्टार्ट झाला की तो पहिल्यासारखा होतो, मुलांनी काही बिघडवू नये म्हणून. तुम्ही लावलेलं स्टिकी कीजही त्यातच रोज पुसलं जातं. मला हे कळायला एक अख्खं सत्र लागलं. रोज सकाळी लावायचे, रोज सकाळी ते गेलेलं असायचं, आणि मला वाटायचं दुपारच्या बॅचचं कुणीतरी बंद करतंय. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या माणसाला सांगून ते कुलूप थोडा वेळ काढून घ्या, मुलाचं खातं आणि सेटिंग्ज लावा, मग परत कुलूप लावा. स्वतः ते काढायच्या फंदात पडू नका, त्याचा पासवर्ड असतो आणि बाकीच्या वर्गांचं कामही त्यावर असतं.

सातवं: थोडा खर्च, थोडी खटपट

एवढं सगळं करूनही हात शिफ्टवर जातच असेल तर उजवी शिफ्ट निकामी करता येते. मायक्रोसॉफ्टच्या ‘पॉवरटॉइज’ या फुकट साधनात कीबोर्ड मॅनेजर आहे, त्यात एखादं बटण बंद करून ठेवता येतं. डावी शिफ्ट स्टिकी कीजसाठी पुरते. हे साधन पार्श्वभूमीला चालू राहिलं तरच काम करतं, हे लक्षात ठेवा.

दुसरा उपाय कीगार्ड. कीबोर्डवर बसणारी, प्रत्येक बटणावर भोक असलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी. मूल त्यावर अख्खा हात टेकवू शकतं आणि बोट भोकात घातल्याशिवाय बटण दाबलं जात नाही. आम्ही अ‍ॅक्रिलिकच्या नंबरप्लेट कापणाऱ्याकडून करून घेतला. माप त्याच कीबोर्डचं घ्यावं लागतं, नमुन्याला कीबोर्ड सोबत न्या. कडा कानशीने घासून घ्या, नाही तर बोटाला कापतं. ज्या मुलाचं बोट भोकात अडकून ओढलं जातं, त्याला मात्र कीगार्ड देऊ नका.

इथे थांबा

एकच बटण दुसऱ्या संगणकावरही चालत नसेल, किंवा कीबोर्डवर पाणी, दूध सांडलं असेल तर वायर काढून ठेवा आणि दुरुस्तीवाल्याला दाखवा. साधा वायरवाला कीबोर्ड असेल तर या वेळी खरंच नवा घ्या. लॅपटॉपवर सांडलं असेल तर तो लगेच बंद करा, चार्जर काढा आणि घरी उघडू नका.

वरचं सगळं करून, आठवडाभर बघून, मूल अजूनही दोन-तीन अक्षरांत दमत असेल तर सेटिंगशी झगडू नका. व्यवसायोपचार तज्ज्ञांना, म्हणजे ज्यांना आपण ओटी म्हणतो त्यांना दाखवा. कदाचित या मुलाला कीबोर्ड हे साधनच योग्य नसेल. एका मोठ्या स्विचने चालणारा पडद्यावरचा कीबोर्ड लागेल, जॉयस्टिक लागेल, नजरेने चालणारं काही लागेल. हा निर्णय मुलाचे सांधे, स्नायूंचा ताण, बसण्याची ढब बघून घ्यायचा असतो. मी अकरा वर्षं शिकवते आहे, तरी तो मी घेत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. मूल साध्या शाळेत असेल तर गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांनाही विचारा.

हातात नवं दुखणं असेल, बोटं कालपेक्षा जास्त ताठर झाली असतील, एक हात अचानक कमजोर वाटत असेल, किंवा येत असलेलं लिहिणं मूल विसरत चाललं असेल, तर आधी डॉक्टर. संगणक नंतर.

आणि एक गोष्ट फार जपून बघा. ‘ककककककक’ अशी ओळ उमटत असताना मुलाच्या चेहऱ्याकडे बघा. बोट बटणावर तसंच आहे, नजर शून्यात आहे, पापण्या किंचित फडफडतायत, हाक मारली तरी ओ देत नाही, आणि काही सेकंदांनी काहीच न झाल्यासारखं पुढे लिहायला लागतं. हे बोट उचलायला उशीर होणं नसू शकतं. हा फिटचा प्रकार असू शकतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या बऱ्याच मुलांना फिट्सचा त्रास असतो आणि दर वेळी हातपाय झाडले जातातच असं नाही. असं दिसलं तर रिपीट कीज लावून ते झाकू नका. मोबाइलवर व्हिडिओ काढता आला तर काढा, वेळ लिहून ठेवा आणि मुलांच्या मेंदूविकार तज्ज्ञांकडे जा. फिट पाच मिनिटांहून जास्त चालली, किंवा एकामागून एक येत राहिली, तर वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.

डॉक्टरांकडे किंवा ओटीकडे जाताना मुलाने लिहिलेली पानं सोबत न्या, तारखांसकट. चुका दुरुस्त करून नेऊ नका. सईच्या ओटींनी तिची तीन आठवड्यांची पानं ओळीने मांडली तेव्हा दुप्पट अक्षरं कायम पानाच्या शेवटाकडेच वाढलेली दिसली. वीस मिनिटांनी तिचा हात दमत होता. आता ती पंधरा मिनिटांनी उठते. तिच्या संगणकाच्या कडेला एक चिठ्ठी डकवलेली आहे, दादाने लिहिलेली: स्टिकी चालू. दोन बटणांचा पर्याय काढलेला. सगळे शॉर्टकट बंद. बाउन्स सगळ्यात कमी. कुणी बदललं तर सईला सांगा.